वाळूला बोल लावण्याआधी काटा बघा!

पोहण्याच्या तलावाचं पाणी जरा गढूळ झालं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप ठरलेला: ‘फिल्टरची वाळू बदला!’ जरा दमानं घ्या. नीट निगा राखली तर ही वाळू पाच-सात वर्षं सहज टिकते, आणि खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टाकीच्या बाहेरच सापडतो.

थोडी मळलेली वाळू जास्त कामाची

फिल्टरच्या टाकीत साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यांची सिलिका वाळू असते. (आपल्या सिंधुदुर्गात कासार्डेला तिच्या खाणी आहेत.) ही वाळू २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे काम किती बारीक ते बघा! पण खरी गंमत पुढेच आहे. वाळूत थोडा मळ साचला की दाण्यांमधल्या फटी अरुंद होतात आणि ती आणखी बारीक कण पकडू लागते. त्यामुळे रोज सकाळी बॅकवॉश मारला (म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुतली) की पाणी उलट गढूळच राहतं. शिवाय तासाला १५,००० लिटर पाणी फिरवणारा पंप असेल, तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये ७५० लिटर पाणी गटारात जातं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब नोटीस बोर्डावर लावावाच.

मग बॅकवॉश कधी?

ते टाकीवरचा प्रेशर गेज सांगतो. वाळू नुकतीच धुतलेली असताना काटा जिथे असेल, तिथे काचेवर मार्करने खूण करा. काटा त्या खुणेच्या ८ ते १० पीएसआय वर चढला की वाळू तुंबली, बॅकवॉशची वेळ झाली. काटा खुणेच्या खाली घसरला असेल, तर वाळूकडे बघूच नका. पंपाआधीची जाळी उघडा, ती पानांनी आणि केसांनी गच्च भरलेली असते. तलावात येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येत असतील, तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. त्या जाळीच्या झाकणाखालची रबरी रिंग काढून बोटाने चाचपा. एवढीशी चीरही पुरते.

वाळूने वाचवलेलं शहर

१८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत जॉन गिब यांनी कापड धुण्याच्या कारखान्यासाठी वाळूचा फिल्टर बांधला आणि उरलेलं पाणी गावाला विकलं. १८९२ मध्ये तर कमालच झाली. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. तिथे कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी प्यायचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, पण वाळूतून गाळून. ते बऱ्याच अंशी बचावलं! त्या संथ फिल्टरच्या वाळूवर सूक्ष्मजीवांचा एक थर धरायचा, तोच जंतूंना रोखायचा. आपल्या तलावाच्या फिल्टरमधून पाणी इतक्या वेगाने जातं की तो थर धरतच नाही. म्हणून वाळू पाणी नितळ करते, जंतू मारायचं काम मात्र क्लोरीनचंच.

तळाशी वाळू दिसली तर

आधी चिमटीत घेऊन चोळा. बोटांवर पसरली तर ते पिवळं शेवाळ. ते सहसा सावलीच्या बाजूला धरतं. करकरली तर मात्र वाळूच. बॅकवॉशनंतर वाळू बसवणारा ‘रिन्स’ राहून गेला तरी थोडी येते. रोजच येत असेल, तर टाकीच्या तळाशी असलेल्या, बारीक खाचांच्या नळ्यांपैकी एखादी तडकलेली असणार. नवी वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरतात ती याचसाठी, वाळूचा मार त्या नळ्यांवर थेट बसू नये म्हणून.

आधी पंप बंद, मग हँडल

फिल्टरच्या व्हॉल्व्हच्या हँडलला बहुधा सहा जागा असतात. पंप चालू ठेवून ते फिरवलं की आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गास्केट उखडतं आणि पाणी वाट सोडून वाहू लागतं. हँडल ‘फिल्टर’वर असताना ड्रेनच्या पाइपातून पाणी गळतंय, तलावाची पातळी उतरतेय? मग आधी हे गास्केट तपासा, फरशा फोडणाऱ्याला नंतर बोलवा.