फुटपाथवरचे घर आणि घटनेचे कलम २१

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातले ३१४ वे कलम आयुक्तांच्या हाती मोठा अधिकार देते. रस्त्यावर किंवा फुटपाथवर कोणी अतिक्रमण केले, तर ते नोटीस न देता हटवता येते. या अधिकाराची हद्द कुठे संपते आणि ज्याचे बिऱ्हाड हलवायचे त्या माणसाचा हक्क कुठे सुरू होतो, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी केला. 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने तो ओळखला जातो. ओल्गा टेलिस या पत्रकार होत्या. त्यांच्याबरोबर न्यायालयात आलेल्यांमध्ये प्रत्यक्ष फुटपाथवर राहणारी माणसेही होती.

त्यांतला एक संगमनेरचा. गावी चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये सुटत. घर म्हणून जे काही होते ते कोसळले आणि १९६९ मध्ये तो मुंबईला आला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी ७०० गेले. फुटपाथवरचा निवारा फुकटात पडतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब पाहावा: जवळजवळ तीन महिन्यांचा पगार त्यात गेला. दुसरा अर्जदार तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम सुटले म्हणून तो १९६१ मध्ये आला आणि दहिसरच्या एका रसायन कारखान्यात २३ रुपये रोजावर राबू लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला ताडपत्री टाकून बायको आणि तीन मुलींसह राहता यावे, यासाठी झोपडपट्टी दादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवले जाईल. पावसाळ्यात अशा आडोशाखाली राहणे अमानुष आहे, असे कारण त्यासाठी दिले गेले. पाडकाम मात्र त्याच पावसाळ्यात, २३ जुलैला झाले. सेलमच्या मजुराला बायकामुलींसह गावाकडच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको आणि मुली तिथेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा फुटपाथवरच येऊन टेकला.

न्यायालयात पालिकेने आधी दारच लावून घेण्याचा प्रयत्न केला. फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क नाही, हे अर्जदारांच्या वतीने उच्च न्यायालयात कबूल केले गेले होते. तेव्हा आता वेगळे बोलता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. घटनापीठाने ते फेटाळले. मूलभूत हक्क कबुलीजबाबाने गमावता येत नाहीत, कारण ते एकट्यादुकट्याच्या सोयीसाठी दिलेले नसून साऱ्या समाजासाठी आहेत.

खरा मुद्दा कलम २१ चा होता. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे ते कलम सांगते. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने त्यात भर घातली होती की ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. १९८५ मध्ये प्रश्न 'जीवित' या शब्दाचा होता. माणसाचे पोट भरण्याचे साधन काढून घेतले तर त्याचे जगणेच काढून घेतल्यासारखे होते, म्हणून उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच येतो, असे न्यायालय म्हणाले. ही माणसे हौसेने फुटपाथवर राहत नाहीत. कामाची जागा जवळ असते. लांबून येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ त्यांना परवडत नाही. निवारा गेला की कामही जाते. फौजदारी गुन्हा करण्याच्या इराद्याने ती तिथे राहतात, हेही न्यायालयाने मानले नाही.

मग पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. उपजीविकेचा हक्क अमर्याद नाही. वाजवी कार्यपद्धतीने त्यावर मर्यादा येते. फुटपाथ पायी चालणाऱ्यांसाठी असतो आणि तो मोकळा ठेवणे पालिकेचे काम आहे. म्हणून ३१४ वे कलम टिकले, पण त्याचा अर्थ बदलला. आयुक्त नोटीस न देता 'हटवू शकतात' म्हणजे त्यांनी नोटीस देऊच नये, असे होत नाही. नोटीस देणे हा नियम, न देणे हा अपवाद. या लोकांचा जागेवर हक्कच नाही, तर त्यांचे ऐकून काय उपयोग, हा पालिकेचा युक्तिवाद न्यायालयाला मान्य झाला नाही. निर्णय बदलो वा न बदलो, ज्याचे घर पडणार त्याचे आधी ऐकून घेण्यातच त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा राखली जाते. संपूर्ण निकालातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

कच्चा दुवाही याच ठिकाणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने सगळे ऐकलेच आहे, तेव्हा या अर्जदारांना वेगळी सुनावणी नको, असे घटनापीठाने ठरवले. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी. वीस वर्षे किंवा अधिक जुन्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय उठवू नयेत आणि तेव्हाही पर्याय द्यावा, असे आदेश झाले. गणनेत ज्याचे नाव नव्हते, त्याला मात्र मुदतीपलीकडे फारसे काही मिळाले नाही.

हा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या बहुमतात तेही होते. नऊ वर्षांत त्याच कलम २१ चा अर्थ किती रुंदावला, हे या दोन निकालांवरून दिसते.

पुढची वाट मात्र सरळ गेली नाही. २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे, अशी तुलना केली. फुटपाथवरच्या फेरीवाल्यांसाठी संसदेने २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तिथे झोपणाऱ्यांसाठी तसा कायदा झाला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने बुलडोझरच्या कारवाईला लगाम घातला: पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, पाडकामाचे चित्रीकरण, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई. या निर्देशांतून रस्ते, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतच्या जागा आणि जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामे वगळण्यात आली आहेत. तुळशीवाडीच्या फुटपाथवरची झोपडी आज पाडायची झाली, तर तिच्या बाजूने उभा राहणारा आधार अजूनही १९८५ चाच आहे.