सहा सेकंद

"ऊदुंगा, ऊदुंगा, ऊदुंगा! इन्नुम्, इन्नुम्!" चाचणी घेणाऱ्या बाई खुर्चीवरून जवळजवळ उठून ओरडताहेत. तात्यांच्या नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, मानेच्या शिरा तटतटलेल्या. संगणकाच्या पडद्यावर रेघ झपकन वर जाते आणि उतरणीला लागते. फुंक निदान सहा सेकंद चालली पाहिजे, आत काही उरलं नाही असं वाटलं तरी. चौथ्या सेकंदाला तात्यांना खोकल्याची उबळ येते आणि नळी सुटते.

"पुन्हा करू, अप्पा," बाई तमिळमध्ये सांगतात. आवाज आता एकदम मऊ झालेला असतो.

ही खोली चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनसमोरच्या सरकारी रुग्णालयातली. आज त्याला राजीव गांधींचं नाव आहे. सुरुवात १६६४ सालची, सेंट जॉर्ज किल्ल्यातली. इथून सावकारपेट हाकेच्या अंतरावर. तिथे मिंट स्ट्रीट आणि एन. एस. सी. बोस रोडच्या आतल्या बोळात तात्यांनी पस्तीस वर्षं गलाई केली. गाव विट्याजवळचं. खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात पाऊस नाही, म्हणून तिथली पोरं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायला गेली. तात्या त्यातलेच एक. तमिळ घडाघडा बोलतात, पण धाप लागली की तोंडून खानापूरच निघतं. "लई दम लागतोय रं," ते मला म्हणतात आणि खुर्चीच्या दांड्याला धरून सावरतात.

पुढच्या फुंका जमतात. निदान तीन नीट फुंका हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकांत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, तरच निकाल धरतात. म्हणजे स्पायरोमेट्री नावाची ही चाचणी यंत्राची जेवढी, तेवढीच ओरडणाऱ्या माणसाचीही आहे. रक्ताचा नमुना नुसता देता येतो, श्वास मात्र माणसाला जीव तोडून द्यावा लागतो. बाईंचा घसा बसलेला आहे. बाहेर बाकावर अजून सात-आठ जण थांबलेत.

आता तात्यांना साल्ब्युटामॉलचा फवारा दिला जातो, प्लास्टिकच्या नळकांड्यातून. मग पंधरा मिनिटं बसायचं. औषधाने श्वासनळ्या उघडल्या तर दमा असण्याची शक्यता वाढते. नाही उघडल्या तर अडथळा कायमचा असू शकतो.

बाकावर बसून तात्या बोलत राहतात. बिडी नाही, तंबाखू नाही. लहानपणी मात्र आई चुलीपुढे असायची आणि हे तिच्या मांडीवर. मग भट्टी, मूस, टाकणखार आणि ॲसिड. अशुद्ध सोन्यात आधी चांदी मिसळून वितळवायचं, सोन्याचा वाटा एक चतुर्थांशावर आणायचा. मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटीसारखं तळाशी राहतं. वर उठतो तो लालसर-तपकिरी धूर. "रुमाल बांधायचो की तोंडाला," तात्या म्हणतात.

रुमालाने तो धूर अडत नाही. तो नायट्रोजन डायऑक्साइड. पाण्यात फारसा विरघळत नसल्याने नाका-घशात तो थोडाच अडतो आणि बारीक श्वासनलिकांपर्यंत, वायुकोशांपर्यंत उतरतो. सर्वांत घातक बाब वेगळीच आहे. एकदम खूप धूर गेला तरी माणूस त्या वेळी बरा वाटू शकतो. घरी जाऊन जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी भरू लागतं. त्यातून वाचलेल्याला काही आठवड्यांनी पुन्हा धाप सुरू होऊ शकते, कारण बारीक नळ्या व्रणाने बंद होत जातात. आणि रोज थोडा थोडा धूर घेणाऱ्याला तर कुठलाच दिवस वेगळा आठवत नाही. तात्या एवढंच सांगतात की दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते जिना न थांबता चढत होते.

पंधरा मिनिटं होतात. पुन्हा चिमटा, पुन्हा नळी, पुन्हा तो आरडाओरडा.

डॉक्टर तरुण आहेत. कागद टेबलावर आमच्याकडे वळवून ते रेघेवर पेन ठेवतात. उतरणीची बाजू सरळ हवी, इथे ती आत खचलेली आहे. पूर्ण फुंकेत बाहेर आलेली हवा २.८४ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात आलेली १.६२. म्हणजे ५७ टक्के. सत्तरच्या खाली गेलं की नळ्यांत अडथळा धरतात. फवाऱ्यानंतर पहिल्या सेकंदाचा आकडा १.७४. वाढ थोडीच.

"एक्स-रे तर स्वच्छ आला होता," मी म्हणतो.

"येऊ शकतो," डॉक्टर म्हणतात. "एक्स-रे आकार दाखवतो. हवा किती वेगाने बाहेर पडते, ते त्यात दिसत नाही."

हे आकडे कुणाशी ताडायचे, तेही महत्त्वाचं. यंत्रात वय, उंची, लिंग भरलं की त्या माणसाला किती हवा फुंकता यायला हवी, ते ठरतं. ही अपेक्षा परदेशी माणसावरून ठरवली तर आपल्याकडचा धडधाकट माणूसही कमी भरतो. चेन्नईच्याच चेटपेटमध्ये १९५६ पासून क्षयरोगावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मद्रासमधल्या निरोगी तरुणांची फुफ्फुसं मोजून ते आकडे १९९० साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात छापले. असं काम फार लोकांना माहीत नसतं. मला ते मोलाचं वाटतं.

पण तात्यांची ताडणी करायला सर्वांत उपयोगी आकडा कुठेच नाही. तो त्यांचाच, विशी-पंचविशीतला. भट्टीपुढे पहिल्यांदा बसण्याआधी कुणी त्यांना नळीत फुंकायला लावलं असतं, तर किती गेलं आणि कधीपासून जायला लागलं, हे आज सांगता आलं असतं. ॲसिडच कारण आहे, असं एका कागदावरून म्हणता येत नाही, हे डॉक्टर स्पष्ट सांगतात. चुलीचा धूर आहे, शहराची हवा आहे. त्यांनी पुढची चाचणी लिहून दिली आहे: अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढून दहा सेकंद श्वास रोखायचा. वायुकोशांतून वायू रक्तात कितपत उतरतो, ते तिच्यावरून कळेल. शिवाय सहा मिनिटं चालून बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पाहायचा.

"आन् कामाचं?" तात्या विचारतात.

"धुराजवळ आता बसायचं नाही."

तात्या मान हलवतात. दुकानात त्यांचा पुतण्या आहे, बावीस वर्षांचा. आज सकाळीही त्याने ॲसिड लावलं आहे.

गलाईवाल्या घरांनो, पोरगं दुकानात बसायच्या आधी त्याची स्पायरोमेट्री करून घ्या, दरवर्षी पुन्हा करा आणि कागद सोनं जपता तसे जपा. बंद खोलीत ॲसिड उकळू नका. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि धुराडं लावा. आणि एखाद्या दिवशी धूर जास्त गेला, तर कितीही बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा.