दुवा, दाखला आणि सातबारा

सरकारी फाइल कधीच एकटी नसते. महाराष्ट्राचा कोणताही शासन निर्णय उघडून पाहा. वरच्या बाजूला 'वाचा' या शब्दाखाली आधीचे निर्णय, परिपत्रके, पत्रे क्रमांक-दिनांकासह मांडलेली असतात. हा दुवाच आहे. फरक इतकाच, की तो 'उघडण्यासाठी' कारकुनाला अभिलेख कक्षात जावे लागे. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून नागपूरला फाइलींचे गठ्ठे येत, तेही याचमुळे. प्रश्नाचे उत्तर एका कागदात क्वचितच मावते.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, असंख्य फाइली जळाल्या आणि संगणकावरच्या फाइलीचा आग्रह वाढला. ई-ऑफिससारख्या प्रणालीत टिप्पणी एका बाजूला आणि पत्रव्यवहार दुसऱ्या बाजूला दिसतो. आता संदर्भावर टिचकी मारली, की बाहेरचे पान उघडू शकते. पण ते उघडते कोण?

फाइल सांभाळणारी प्रणाली ते स्वतः उघडत नाही. ती दुवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करते. दुव्यातील अपूर्णविरामाआधीचा शब्द 'एचटीटीपीएस' असेल तर ब्राउझर उघडतो, 'मेलटू' असेल तर ईमेलचा प्रोग्राम. कोणत्या शब्दाला कोणता प्रोग्राम, याची नोंद संगणकात आधीच असते. समोरचे संकेतस्थळ तशी मुभा देत असेल, तर फाइलीतला गाव आणि गट क्रमांक आपोआप दुव्यात भरून नेमके पानही उघडता येते. कारकुनाची अर्ध्या दिवसाची पायपीट क्षणात संपते.

या सोयीत दोन धोके आहेत. पहिला सुरक्षेचा. मे २०२२मध्ये 'फॉलिना' नावाने ओळखला गेलेला दोष उघड झाला. वर्डच्या कागदात पेरलेला दुवा विंडोजचे दोष शोधणारे साधन सुरू करी आणि त्याच्या आडून परक्याचे आदेश संगणकावर चालत. म्हणून कोणते प्रोग्राम आणि कोणती संकेतस्थळे उघडू द्यायची, याची यादी कार्यालयाने ठरवावी आणि उघडण्यापूर्वी पूर्ण पत्ता डोळ्यांसमोर यावा.

दुसरा धोका अधिक खोल आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नाहीत, असे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४मध्ये दाखवले. आपल्याकडेही महाभूलेख पूर्वी 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'खाली होते, आता ते 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'खाली आहे. जुन्या टिप्पणीत फक्त जुना पत्ता असेल, तर तो वाचणाऱ्याने काय करावे?

मेलेला दुवा निदान लगेच कळतो. फसवतो तो जिवंत दुवा. सातबारा फेरफारागणिक बदलतो. आज टिचकी मारली तर आजचा उतारा दिसेल. ज्या उताऱ्यावर विसंबून निर्णय झाला, तो नव्हे. नागपूरच्या मिहानसारख्या प्रकल्पासाठी जमीन संपादित होते, तेव्हा त्या वेळी उताऱ्यावर कोणाचे नाव होते याला मोल असते. पंधरा वर्षांनी वारस दाद मागायला उभा राहिला आणि फाइलीत नुसता दुवा निघाला, तर त्याच्या हाती दुसऱ्याच काळाचा कागद पडेल.

उपाय आपल्याच दप्तराच्या रिवाजात आहे. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतस्थळाच्या उल्लेखाबरोबर संगणक संकेतांकही छापतात. तो वर्ष, महिना, दिवस यांच्या आकड्यांनी सुरू होतो. संकेतस्थळ हलले तरी हा आकडा बदलत नाही. दुवा 'कुठे आहे' एवढेच सांगतो. क्रमांक आणि दिनांक 'काय आहे' ते सांगतात. म्हणून दुवा जरूर द्यावा, पण त्याच्याशेजारी क्रमांक-दिनांक लिहावा आणि पाहिलेल्या पानाची डिजिटल स्वाक्षरीची प्रत फाइलीतच ठेवावी. दुवा वाचणाऱ्याचा वेळ वाचवतो. पुरावा म्हणून उभी राहते ती प्रत.