न पाहिलेलं वाद्य विकत घेताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. त्यानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही आमच्याच घरातलं एक उदाहरण घेणार आहोत. विषय थोडा विचित्र वाटेल: जुनी पेडल स्टील गिटार विकत घेणे. तीही अशा ठिकाणी राहून, जिथे ती विकत मिळतच नाही.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही दोघं नवराबायको गेली कित्येक वर्षं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजच्या गावी राहतो. आमची पत्नी पुण्यात कॉलेजात असताना हवाईयन गिटार वाजवायची. त्या काळी स्नेहसंमेलनात हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजली नाहीत असं होत नसे. व्हॅन शिप्लींच्या तबकड्या घरोघरी होत्या. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' आली आणि ब्रिजभूषण काब्रांनी याच पद्धतीच्या गिटारवर राग कसा उभा राहतो ते दाखवलं. मग लग्न, संसार, परदेश. गिटार राहून गेली. तीन वर्षांपूर्वी हिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या अंथरुणावर पडून ही म्हणाली, "आता राहिलेलं काहीतरी करायचंय." हवाईयन गिटारचीच नात असलेली पेडल स्टील हिने इकडच्या कंट्री संगीतात ऐकली होती. तीच हवी, म्हणाली.

आता हे वाद्य काय आहे ते थोडक्यात. हवाईयन गिटारसारखंच हे आडवं ठेवतात, तारांवर पोलादी दांडी सरकवतात. फरक एवढाच की खाली पायाने दाबायची पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या कळा असतात. त्यांनी तारेचा सूर वाजता वाजता बदलतो. नेहमीच्या दहा तारांच्या, ई-नाइन्थ जुळणीच्या वाद्यात चौथी, पाचवी आणि सहावी तार मोकळी छेडली तर सा, प आणि ग मिळतात. पहिली दोन पेडलं एकदम दाबली की प चढून ध होतो, ग चढून म होतो, सा तिथेच राहतो. स्वर एकमेकांत विरघळतात, तो रडवा गोडवा यातूनच येतो. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने हा परिणाम ऐकवला आणि नॅशव्हिलमधल्या वादकांची झोप उडाली. बडी एमन्स, जिमी डे यांनी पुढे या वाद्याला आजचं रूप दिलं.

पण हे यंत्र आहे, हे विसरू नका. प्रत्येक पेडलपासून दांडे, आडवे शाफ्ट, छोट्या तरफा, असं सगळं जाळं वाद्याच्या पोटाखालून तारेपर्यंत जातं. ही वाद्यं बहुतेक छोट्या कारखान्यांत, थोड्या संख्येने होतात. गावातल्या वाद्यांच्या दुकानात विचारलं तर दुकानदार नुसता मान हलवतो. टेनेसी, टेक्सास इकडे ती दिसतात. आमच्याकडे नाहीत.

मग आम्ही काय केलं? सामान्य माणूस करतो तेच. तीन तासांच्या अंतरावर एक जाहिरात दिसली, सहाशे डॉलर. मनात म्हटलं, दूरचं मागवण्यापेक्षा जवळचं डोळ्यांनी पाहून घ्यावं. प्रत्यक्षासारखं प्रमाण नाही! गेलो, पाहिलं, घेऊन आलो. घरी आल्यावर कळलं की पेडल दाबलं की ग चा म होतो, पण सोडल्यावर म चा परत ग होत नाही, मधेच कुठेतरी अडकतो. उलटं करून पाहिलं तर दोन तरफा तुटलेल्या, दांडे गंजलेले. गुडघ्याची कळ एकच. आज साधारण चार लागतात. आणि तो कारखाना केव्हाच बंद झालेला, म्हणजे सुटे भागही नाहीत.

इथे थांबून विचार करू. आम्ही प्रत्यक्ष पाहिलं होतं ना? पाहिलं होतं, पण काय पाहायचं हे माहीत नव्हतं. काहीतरी लोखंडी दिसणं वेगळं आणि 'ही तरफ तुटलेली आहे' असं दिसणं वेगळं. नैयायिक निर्विकल्पक आणि सविकल्पक असा भेद करतात, त्याचा व्यवहारातला अर्थ आम्हाला सहाशे डॉलर देऊन कळला. डोळ्यांसमोर असणं म्हणजे ज्ञान नव्हे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. जाहिरातीत सात फोटो होते. आम्ही म्हणालो, "कुठे तडा दिसत नाही, म्हणजे तडा नाही." मीमांसक इथे हसले असते. एखादी गोष्ट न दिसण्यावरून ती नाही असं कधी म्हणता येतं? ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत मांजर दिसलं नाही म्हणून मांजर नाही असं होत नाही. सातही फोटो वरून काढलेले, बिघाड मात्र खाली. म्हणून पहिला धडा: वाद्याच्या पोटाचे, चांगल्या उजेडातले फोटो मागा. ते मिळत नसतील तर नुसत्या वरच्या फोटोंवरून पैसे मोजू नका.

आता विकणाऱ्याबद्दल. तो खोटं बोलला का? नाही हो. त्याला ते मामाकडून मिळालेलं. "चांगलं आहे," असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि इथेच आपण शब्दप्रमाणाकडे येतो. आप्त कोण? वात्स्यायनांच्या विवेचनात दोन अटी निघतात. त्याला त्या वस्तूचं साक्षात ज्ञान हवं, आणि जसं जाणलं तसंच सांगण्याची इच्छा हवी. आमच्या विक्रेत्याकडे दुसरी अट होती, पहिली नव्हती. काही व्यापाऱ्यांकडे पहिली असते, दुसरी नसते. दोन्ही असलेला माणूस शोधायचा. आणि वात्स्यायन आणखी एक मोठी गोष्ट सांगतात: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जातीवर, देशावर, पदवीवर नाही. अंतरावर तर नाहीच नाही!

आमचा आप्त आर्कान्सात निघाला. निवृत्त ट्रकचालक, चाळीस वर्षं हे वाद्य वाजवलेला. आम्ही फोनवर विचारलं, कसं पाहावं? त्याने व्हिडिओवर सगळं दाखवलं. एकेक तार छेडायची, ट्यूनर समोर ठेवायचा, प्रत्येक पेडल आणि कळ दाबून सोडायची; काटा पुन्हा त्याच जागी आला पाहिजे. पेडल दाबताना इतर तारा किंचित उतरतात, कारण सगळ्या सांगाड्यावर ताण येतो. थोडं उतरणं चालतं, कानाला खुपलं तर नाही. यंत्रणा ऑल-पुल आहे का विचारायचं. पुश-पुल पद्धतीच्या जुन्या वाद्यांचा नाद सुंदर, पण ती लावणं नवशिक्याचं काम नव्हे. पेडलांचा क्रम एमन्स पद्धतीचा की त्याच्या उलटा, डे पद्धतीचा, हेही विचारायचं, कारण पायाला एकदा लागलेली सवय सुटत नाही. चार पाय, पेडलांच्या दांड्या, मूळ पेटी, सगळं मोजून घ्यायचं.

मग तो स्वतःच्या वाद्याबद्दल बोलला. म्हणाला, "सहावी तार एका कळीने उतरवली की परत येताना थोडी चढी राहते. मी दुरुस्त करीन, पण तुम्हाला माहीत असावं." आणि नंतर, "तुमच्या पत्नीचा डावा गुडघा ना? मग वर उचलायची एक कळ आहे डाव्या बाजूला, ती त्यांना त्रास देईल. पाठवण्याआधी काढून ठेवतो. कळेना वाटलं तर घेऊच नका."

मंडळी, विकणाऱ्याने स्वतःच्या तोट्याचं सांगितलं. आमच्या मते आप्त ओळखण्याची ही सर्वांत चांगली खूण आहे. तुम्हीही विचारून पाहा, "यात खोट काय?" 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर एक तर त्याला ठाऊक नाही, नाहीतर सांगायचं नाही. जुन्या यंत्रात खोट असतेच.

ते वाद्य एकवीसशे डॉलरला घेतलं. कुरिअरवर टाकण्यापेक्षा मिसूरीत मध्यावर भेटायचं ठरलं. हॉटेलच्या आवारात त्याने ते उलटं करून ठेवलं, हिच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाला, "आता तुम्ही मला सांगा काय दिसतंय." हिने एकेक भाग नाव घेऊन दाखवला. या वेळी प्रत्यक्षही आमचं होतं, कारण शब्दाने ते आधी शिकवलं होतं. मग हिला खुर्चीवर बसवून त्याने पायांची उंची गुडघ्यांना बसेल अशी केली.

तेव्हा त्या श्रोत्याला उत्तर असं: जवळपास काही मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण जवळचा अजाण माणूस आणि दूरचा आप्त यांत निवडायची वेळ आली, तर अंतर मोजू नका. प्रमाणं एकमेकांना टेकून उभी राहतात, ती एकेकटी वापरली की फसगत होते.

पहिलं वाद्य अजून तळघरात आहे. ते कुणाला विकायचं धाडस आम्हाला झालेलं नाही. ते विकलं तर खालून फोटो काढावा लागेल ना! आणि वरच्या खोलीत रोज संध्याकाळी ग चा म होतो, परत ग होतो. गुडघा अजून दुखतो, पण बसते.

पुढच्या वेळी उपमानाकडे वळू.