परिपत्रकाची वाट: बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये आणि सीएमएस

बुलढाणा जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. इथली महाविद्यालये आधी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि ती तिकडे वर्ग झाली. आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ ते हेच. बुलढाण्याहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. लोणार किंवा जळगाव जामोदहून जाऊन यायचे तर दिवस मोडतो. परीक्षेचे वेळापत्रक असो की पुनर्मूल्यांकनाची मुदत, ती कळण्याचे मार्ग मोजकेच होते: टपाल, पुढे फॅक्स, किंवा कामानिमित्त अमरावतीला गेलेला महाविद्यालयाचा बाबू. विद्यापीठाच्या संकेतस्थळाची गरज अमरावती शहरापेक्षा अशा दूरच्या तालुक्यांना जास्त होती, ती यामुळे.

ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या पहिल्या दहाएक वर्षांत शिक्षणसंस्थांची संकेतस्थळे साध्या एचटीएमएल पानांची असत. फ्रंटपेज किंवा ड्रीमवीव्हरमध्ये पान तयार करायचे आणि एफटीपीने सर्व्हरवर चढवायचे. प्राचार्य बदलले की नाव प्रत्येक पानावर वेगळे दुरुस्त करावे लागे. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या (स्थापना १९८३) संस्थांत हे जाणणारी माणसे घरचीच होती. कला-वाणिज्य महाविद्यालयांना मात्र संगणकाचा एखादा हौशी प्राध्यापक, नाहीतर शहरातला वेब डिझायनर गाठावा लागे. तो पासवर्डसकट नाहीसा झाला की संकेतस्थळ जिथल्या तिथे गोठे.

याच काळात जगात सीएमएस (कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम), म्हणजे मजकूर-व्यवस्थापन प्रणाली, आकार घेत होत्या: २००१ मध्ये ड्रुपल, २००३ मध्ये वर्डप्रेस, २००५ मध्ये जूमला. मजकूर डेटाबेसमध्ये, मांडणी साच्यात, आणि दोहोंची सांगड पान उघडते त्या क्षणी, अशी ही रचना. त्यामुळे नाव एका ठिकाणी बदलले की सगळीकडे बदलते. त्याहून मोठा बदल अधिकारांचा होता. लेखक, संपादक, प्रशासक अशा पायऱ्या लावता येऊ लागल्या. परीक्षा विभागाने आपली सूचना आपणच टाकावी, ग्रंथालयाने आपले पान आपणच सांभाळावे, हे शक्य झाले. तिन्ही प्रणाली मुक्त स्रोताच्या, म्हणजे परवान्याचा खर्च शून्य. तुटपुंज्या निधीच्या महाविद्यालयांना हे सोयीचे होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पुढे ड्रुपलचे धडेही तयार केले.

मराठीत मात्र गाडी अडली ती फाँटपाशी. कार्यालयातला मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत टंकलेला असे. या फाँटांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. तो मजकूर सीएमएसच्या चौकटीत चिकटवला की परिपत्रकाच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग उमटायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, परंतु टायपिंगची बोटांना बसलेली सवय आणि वर्षानुवर्षे साठलेल्या फायली सोडवत नव्हत्या. कार्यालयांनी सोपा तोडगा काढला: प्रिंट काढा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करा, पीडीएफ चढवा. सहीशिवायच्या मजकुराला कोणी परिपत्रक मानत नसल्याने हा तोडगा पक्का बसला. परिणाम असा की प्रणाली आली तरी संकेतस्थळ पूर्वीच्या सूचना फलकासारखेच राहिले: लुकलुकणाऱ्या ‘न्यू’ची पट्टी आणि खाली तिरप्या स्कॅनची रांग. त्यातला शब्द शोधता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर तिथे मुके होते. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत सुलभतेचा आग्रह होता. तो शिक्षणसंस्थांपर्यंत फार सावकाश झिरपला.

सीएमएसकडे खरा रेटा आला तो सक्तीतून. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर माहिती आपणहून जाहीर करण्याचे बंधन घातले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकी संस्थांना अनिवार्य प्रकटन मागितले. पण सर्वांत जास्त धावपळ करायला लावली ती महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने. २०१७ च्या सुधारित पद्धतीत स्वयंमूल्यांकन अहवालातील आकड्यांचे पुरावे ऑनलाइन पडताळले जाऊ लागले आणि बैठकीचे इतिवृत्त, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, वार्षिक अहवाल यांच्या लिंका द्याव्या लागू लागल्या. एरवी वर्षभर न हलणारे पान या पडताळणीच्या (डीव्हीव्ही) आठवड्यात रात्री अकरालाही अद्ययावत होऊ लागले. याचा एक उलटा परिणाम झाला. मुख्य मेनूत विद्यार्थ्याला हवे ते मागे गेले आणि नॅकच्या समितीला हवे ते पुढे आले.

जिल्हा प्रशासनाने याच सुमारास दुसरी वाट धरली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एसथ्रीवास’ या सामायिक सेवेवर देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे उभी राहिली, त्यात बुलढाणाही आहे. साचा, सुरक्षा आणि अद्ययावतीकरण एनआयसीकडे, मजकूर जिल्ह्याकडे. महाविद्यालयांना असा आधार नव्हता. प्रत्येकाने आपापली स्वतंत्र प्रणाली बसवली, आणि तिची देखभालही आपापल्या जिवावर केली. मूळ प्रणाली किंवा तिला जोडलेले प्लगइन जुने राहिले की घुसखोरीला दार उघडे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये, तर २०१७ च्या सुरुवातीला वर्डप्रेसमध्ये सापडलेल्या त्रुटींमुळे जगभरात असंख्य संकेतस्थळांत घुसखोरी झाली. नव्या कंत्राटदाराने पुनर्रचना केली की जुने पत्ते मोडत, आणि नॅकला दिलेल्या लिंकाही त्यांच्याबरोबर जात.

२०२० च्या टाळेबंदीत परीक्षांच्या सूचना वारंवार बदलल्या आणि गावी परतलेल्या विद्यार्थ्यांना मोबाइलवरचे संकेतस्थळ हाच आधार उरला. तरी सूचना आधी व्हॉट्सॲप गटात फिरे. संकेतस्थळाचे काम ती खरी की खोटी हे ठरवण्याचे. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) संकेतस्थळावर किमान कोणती माहिती असावी याची यादी संस्थांना कळवली. ५ जानेवारी २०२५ रोजी ड्रुपल ७ चा अधिकृत पाठिंबा संपला. त्यावर चालणाऱ्या संकेतस्थळांना नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी बरीचशी बांधणी पुन्हा करावी लागते, आणि ते काम एखाद्या प्राध्यापकाला तासिका सांभाळून उरलेल्या वेळात झेपणारे नाही.