टर्बो मोटारीचा सायलेन्सर बदलावा काय?

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुटींत ज्या विषयांवर वाद घालतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा मूळचा सायलेन्सर काढून त्याच्या जागीं मोठ्या व्यासाची मोकळी नळी बसविली, तर गाडी खरोखरच अधिक जोरानें पळते काय? ज्यांच्या थोरल्या भावांनीं नुकतीच गाडी घेतली आहे ते 'पळते' असें शपथेवर सांगतात. घरचीं वडील माणसें 'नुसता आवाज होतो' असें म्हणून विषय मिटवितात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकविलेल्या दोनतीन गोष्टी येथें लावून पाहिल्या, म्हणजे कोणाचें कोणतें अर्धें खरें हें आपोआप कळून येतें.

बोलणें मोघम होऊं नये म्हणून एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगन पोलो नांवाची मोटार इ. स. २०२२ पर्यंत तयार होत असे. तिच्यांत इ. स. २०२० मध्यें एक लिटरचें टर्बो इंजिन आलें. सिलिंडर तीन, आकारमान ९९९ घन सेंटिमीटर, आणि शक्ति ११० अश्वशक्ति! टर्बो नसलेल्या इंजिनाकडून एवढें काम घ्यावयाचें तर तें सुमारें दीडपट मोठें असावें लागे. ही गाडी आतां नवी मिळत नाहीं, परंतु जुन्या गाड्यांच्या बाजारांत तरुणांचें तिच्यावर फार प्रेम आहे, आणि सायलेन्सर बदलण्याची हौसही बहुधा तिच्याच मालकांना येते.

एवढेंसें इंजिन इतकें काम करतें तें कशाच्या बळावर? इंजिन जितकी हवा आंत घेईल तितकेंच पेट्रोल जाळूं शकतें. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. साधें इंजिन ही हवा स्वतःच्या श्वासानें ओढतें. टर्बोच्या इंजिनांत ती दाबून भरली जाते, आणि दाबणाऱ्या पंख्यास फिरविण्याचें काम बाहेर पडणारा तप्त धूरच करतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रें असतात. एकावर धुराचा झोत आदळतो, दुसरें हवा दाबतें. लहान मोटारींतील हीं चक्रें मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. जी उष्णता वाऱ्यावर फुकट जावयाची तिच्याकडून काम करून घेण्याची ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरास सुचली, आणि तिचें पेटंट इ. स. १९०५ मधील आहे. विक्रीच्या मोटारींत ती यावयास मात्र इ. स. १९६२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत अशा दोन गाड्या निघाल्या.

आतां मुद्द्याकडे येऊं. धुराच्या झोतानें फिरणारें चक्र किती जोर करील, हें त्याच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतें. समजा, चक्राच्या अलीकडे वातावरणाच्या २.२ पट दाब आहे, आणि पलीकडच्या नळ्या व सायलेन्सर यांच्या अडथळ्यामुळें तेथें १.३ पट दाब सांचला आहे. गुणोत्तर झालें सुमारें १.७. पलीकडची वाट मोकळी करून तेथला दाब १.१ वर आणला, आणि अलीकडचा तोच राहिला असें धरलें, तर गुणोत्तर २ होतें. म्हणजे त्याच धुराकडून चक्रास अधिक जोर मिळतो, तें लवकर वेग घेतें, आणि पाय दाबल्यावर गाडी क्षणभर रेंगाळते तो काळ कमी होतो. थोरल्या भावांचें अर्धें खरें तें हें.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेतलाच पाहिजे. 'इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच' असें पुष्कळ मिस्त्री सांगतात. साध्या इंजिनाच्या बाबतींत या बोलण्याच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे. तेथें धुराचे हुंदके नळींतून विशिष्ट वेगानें गेले म्हणजे मागच्या सिलिंडरांतील उरलेला धूर ओढून घेतात. नळी फार रुंद केली तर हा वेग मंदावतो आणि ओढ नाहींशी होते. परंतु लागतो तो वेग, दाब नव्हे. टर्बोच्या चक्रांतून पार झालेल्या धुराचे हुंदके बरेचसे मोडून गेलेले असतात, म्हणून त्यापुढील वाटेंत दाब जितका कमी तितका बरा. आमच्या पोलोच्या इंजिनांत तर सिलिंडरांतून निघणाऱ्या धुराच्या वाटा सिलिंडर-हेडच्याच ओतकामांत घेतल्या आहेत, व टर्बो त्यास थेट जोडला आहे. त्यामुळें टर्बोच्या अलीकडे बदलण्याजोगी नळीच नाहीं. जें कांहीं करावयाचें तें त्याच्या पलीकडे.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, मग उशीर कशाला? थांबावें. गाडीचें इंजिन संगणकाच्या ताब्यांत असतें, आणि हवा किती दाबावयाची हा आंकडा त्यानें आधींच ठरविलेला असतो. चक्र अधिक जोरानें फिरूं लागलें कीं संगणक वेस्टगेट नांवाची बगलेची झडप अधिक उघडतो आणि जास्तीचा धूर चक्राला वळसा घालून सोडून देतो. अर्थात् इंजिनांत हवा शिरते ती पूर्वीइतकीच. पिस्टनला धूर बाहेर ढकलण्याचे श्रम थोडे कमी पडतात, तेवढ्यापुरती शक्ति वाढते, आणि ती अल्प असते. मोठी वाढ हवी असेल तर संगणकांतील तो आंकडाच बदलावा लागतो. त्या मानानें नळी ही दुय्यम गोष्ट आहे. आंकडा बदलला तर मूळच्या सायलेन्सरनेंही शक्ति पुष्कळ वाढते. मग मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि पिस्टन यांस कारखान्यानें योजलेल्या मर्यादेपलीकडे ओझें वाहावें लागतें, हेंही त्याच वहींत मांडावें.

ही अल्प वाढ तरी पदरांत कधीं पडते? नळींतून वाहणाऱ्या वायूस होणारा अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, असें धरून चालण्यास हरकत नाहीं. पूर्ण जोरांत चालतांना हें इंजिन मिनिटाला सुमारें पांच किलो हवा गिळतें. परंतु सपाट रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरच्या संथ गतीनें जातांना गाडीला ११० पैकीं पांचसहा अश्वशक्ति पुरतात. त्या वेळीं धुराचा प्रवाह पूर्ण प्रवाहाच्या दहाव्या भागाइतका धरला, तर अडथळा शंभराव्या भागाइतका होतो. शंभराव्या भागांतून अर्धा भाग वांचविला काय आणि न वांचविला काय! गणिताची गोडी असलेल्या मुलांनीं प्रवाह पावपट, अर्धपट आणि पाऊणपट धरून हाच हिशेब करून पाहावा. शाळा, कचेरी आणि बाजार यांमधल्या फेऱ्यांत मोठ्या नळीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे असें त्यांचें त्यांनाच आढळेल. उपयोग आहे तो पाय तळापर्यंत दाबून, इंजिनाचे फेरे वाढवून पळविण्यांत. आणि आपल्या रस्त्यांवर तशी संधि दिवसांतून कितीशी येते, व यावी काय, हें पालकांनीं मुलांशीं बोलावें. घरच्या वडील माणसांचें अर्धें खरें तें हें.

सर्वांत गंभीर गोष्ट अजून राहिलीच आहे. टर्बोपासून मागच्या टोकापर्यंतची वाट ही एकच नळी नव्हे. टर्बोला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या पलीकडे मधली नळी. आणि शेवटीं सायलेन्सर. यांपैकीं सर्वांत दाट अडथळा बहुधा कन्व्हर्टरचा असतो, कारण त्याच्या आंत मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य बारीक छिद्रें असून त्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर दिलेला असतो. म्हणून शक्तीचा हव्यास धरणारे प्रथम यालाच काढूं पाहतात. पण त्याचें काम काय? सुमारें तीनशें अंश तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, अर्धवट जळलेल्या पेट्रोलाचें पाणी व कार्बन डायऑक्साइड, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुनः साधा नायट्रोजन करून सोडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो. शाळेच्या फाटकापाशीं गाड्या सुरू ठेवून पालक उभे असतात, तेथें त्या नळ्यांच्या उंचीवर कोणाचीं तोंडें असतात? शिशुवर्गांतील मुलांचीं. कन्व्हर्टर काढण्यास आमचा विरोध आहे तो यासाठीं, आणि त्यांत आम्ही कसलीही सवलत देऊं शकत नाहीं. तसें केल्यास त्याच्या मागें बसविलेला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा फसविण्याच्या युक्त्या शोधल्या जातात. फसवणूक दिव्याची होते. हवेची होत नाहीं.

कायद्याचेंही पाहूं. इ. स. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपुस्तकांतील मूळच्या वर्णनांत फरक पडेल असे बदल करण्यास मनाई आहे. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें परवानगीविरुद्ध बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आवाज व धूर यांची मर्यादा मोडून गाडी चालविणारास पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात, आणि परवाना तीन महिने स्थगित राहतो तो वेगळाच. इस्पितळें, शाळा आणि न्यायालयें यांच्या भोंवतालीं शंभर मीटरपर्यंत शांतताक्षेत्र धरतात, तेथें इ. स. २००० च्या नियमांप्रमाणें दिवसा आसमंतांतील आवाज ५० डेसिबेलपर्यंतच असावा असें ठरलें आहे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, हें येथें विसरूं नये.

टर्बोचें चक्र स्वतःच बराचसा आवाज खाऊन टाकतें, हें खरें. म्हणून हौशी लोक सायलेन्सर अगदींच पोकळ घेतात. मग ठराविक फेऱ्यांवर नळीचा घुमारा आणि गाडीच्या पेटीचा घुमारा जुळतो, आणि पुण्याहून कोल्हापुरास जाईपर्यंत कानांत भुंगा बसल्यासारखें होतें. आई-वडिलांना मागें बसवून एकदां तेवढा प्रवास करावा, हौस बहुधा उतरते.

तेव्हां बदलावा कीं नाहीं? घरच्या वापराच्या गाडीचा बदलूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेकचे नवे पॅड येतात, आणि त्यांचा उपयोग दर चौकांत होतो. गाडी पूर्वीपेक्षां मंद झाली म्हणून हा विचार मनांत आला असेल, तर आधीं हवेची गाळणी, टर्बोपासूनच्या रबरी नळ्यांची गळती आणि चोंदलेला कन्व्हर्टर हीं तपासून घ्यावीं. रोग बहुधा तेथेंच सांपडतो. सायलेन्सर गंजून भोंक पडलें असेल तर मात्र तो तत्काळ बदलावा, कारण गळणारा धूर गाडीच्या आंत शिरूं शकतो. बदलतांना कारखान्याच्या मापाचाच घ्यावा आणि पावतीवर तसें लिहून घ्यावें. वॉरंटीच्या मुदतींत असलेल्या गाडीस हात लावण्यापूर्वीं कंपनीस विचारावें, आणि विम्याच्या कचेरींतही कळवावें. आणि काढलेला भाग कारागिराकडे सोडून येऊं नये. त्यांत कन्व्हर्टर असेल तर त्यांतील प्लॅटिनमसाठीं भंगारवाले त्यास चांगली किंमत देतात, ही गोष्ट कारागिरास पक्की ठाऊक असते, आणि मालकास बहुधा नसते.