चौदाव्या दिवशी कोण?

आमच्याकडं मयत झाली की त्या घरातल्या माणसांना एकटं बसायला फुरसत मिळत नाही. चूल पेटवायची नसते म्हणून आजूबाजूच्या घरांतून भाकरी-पिठलं येतं. सोयरे टेम्पो करून येतात. तिसऱ्याला, दहाव्याला, तेराव्याला अंगणात पाय ठेवायला जागा नसते. चौदाव्या दिवशी मात्र घरात ती बाई, तिची सासू, शाळेत जाणारी लेकरं आणि मांडववाल्यानं न्यायच्या राहिलेल्या खुर्च्या, एवढंच उरतं. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात आशा म्हणून काम करते. माझ्या कामातला मोठा हिस्सा त्या चौदाव्या दिवशी सुरू होतो, आणि तो कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहायचा नसतो.

गावात माणुसकी राहिली नाही, असं शहरातली माणसं म्हणतात, पारावरची म्हातारीही म्हणतात. मला ते पटत नाही. माणुसकी भरपूर आहे, तिची वेळ चुकते. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की काढणीवर येत चाललेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. तेव्हा कोण कुणाच्या मदतीला धावलं नाही? ज्याची भिंत पडली त्याच्या घरी ताडपत्री पोचली, जनावरं दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली गेली. पंचनाम्याला माणसं आली, फोटो काढून गेली. पुढं दिवाळीच्या तोंडावर उरलंसुरलं सोयाबीन बाजारात गेलं. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. भिजलेल्या मालाला तर व्यापारी हात लावीना. त्या आठवड्यात कुणी कुणाच्या दारात गेलं नाही, कारण दिसण्यासारखं काही बुडालेलं नव्हतं.

आशा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागं गावातलीच एक बाई नेमायची ठरलं. गरोदर बायांची नोंद, बाळंतपण, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या ही आमची कामं. पगार नाही, कामावर मोबदला. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा असे चौदा जिल्हे धरून 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या जास्त असलेले हे जिल्हे, त्यात परभणी आलंच. आशानं घरोघरी जायचं, ठरावीक प्रश्न विचारायचे, कोण खचलंय ते ओळखायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. पुढं जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर, समुपदेशक. शिवाय १०४ हा फुकट फोन.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात दारात उभं राहून, हातात पॅड धरून, "मामा, मागच्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का?" असं विचारलं की मामा म्हणणार, "आमाला काय धाड भरली? जा, पुढच्या घरी इचार." सून चुलीपाशी, नातू दारात, शेजारीण कुडाला कान लावून. अशा ठिकाणी कोण सांगेल? प्रश्न वाईट नाहीत. झोप, भूक, कामातलं मन, थकवा, जगण्याचा कंटाळा हेच जगभरातले डॉक्टर विचारतात. पण आमच्या गावात उत्तर तोंडातून येत नाही, ते दुसरीकडं शोधावं लागतं.

दुसरीकडं म्हणजे कुठं? पहिली जागा किराणा दुकान. उधारी वाढली तर दुकानदार कुरकुरतो, त्याची मला फार काळजी नसते. वर्षानुवर्षं उधार नेणारा माणूस एकाएकी दुकानात यायचाच बंद झाला, लेकराला पाठवायला लागला, तर मात्र मी कान टवकारते. दुसरी जागा पिठाची गिरणी. कुणाचा डबा किती भरून येतो हे गिरणीवाल्याइतकं कुणाला माहीत नसतं. तिसरी जागा पार. रोज राजकारणावर भांडणारा माणूस "असंल बा" म्हणून गप्प बसायला लागला की ती शांतता चांगली नव्हे. पोळ्याला बैल धुतले नाहीत, शिंगांना रंग लावला नाही. बारावीला असलेल्या पोरीचं स्थळ अचानक बघायला काढलं. आणि सगळ्यात जास्त भिववणारी गोष्ट म्हणजे बारीकसारीक हातउसने पैसे घाईघाईनं फेडणं, आवडीची वस्तू कुणाला तरी देऊन टाकणं, लांबच्या बहिणीला उगाच भेटून येणं. लोक म्हणतात, "बरं झालं, सुधारला." मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाते.

बायांचं वेगळं असतं. मन दुखतंय असं आमच्या बाया म्हणत नाहीत. त्यांचं डोकं दुखतं, कंबर दुखते, हातापायांत मुंग्या येतात, छातीत धडधडतं. एकच बाई पुन्हापुन्हा गोळ्या मागायला येते आणि तपासणीत काही निघत नाही, तेव्हा ती ढोंग करत नसते. मी तिला गोळी देते आणि म्हणते, "बस जरा, मला शेंगा निवडू लाग." हात कामात असले की तोंड उघडतं. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की माणूस पोलिसासमोर बसल्यासारखा आखडतो.

काय बोलू नये, हे काय बोलावं यापेक्षा आधी शिकण्यासारखं आहे. "धीर धर", "सगळं चांगलं होईल", "त्या अमक्याकडं बघ, त्याचं तर घरच वाहून गेलं" ही तीन वाक्यं आमच्याकडं औषधासारखी वाटली जातात आणि तिन्ही ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात. कुणाचं दुःख मोठं याची कुस्ती लावायची नसते.

आणि एक गोष्ट, जिला सगळे घाबरतात. मरायचा विचार येतो का, असं सरळ विचारावं की नाही? लोकांना वाटतं, विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. तसं होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विचारल्यानं माणूस उलट सुटतो. एकदा कापसाच्या रानात बांधावर बसून मी असंच एका शेतकऱ्याला विचारलं होतं, "दादा, जीव नकोसा झालाय का?" तो बराच वेळ तण उपटत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमाला कुणी सांगितलं?" मला कुणीच सांगितलं नव्हतं. तो सरकी घ्यायला आला असताना त्याच्याच वावराचा गट नंबर विसरला होता, एवढंच.

अशा वेळी पुढची कामं भराभर करायची असतात. माणसाला एकटं सोडायचं नाही. त्याला विचारूनच घरातल्या एका जाणत्या माणसाला सांगायचं, गावभर नाही. फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवायचं. ही शेवटची गोष्ट फालतू वाटते, पण श्रीलंकेत सगळ्यात घातक कीटकनाशकांवर बंदी घालत गेल्यावर देशातल्या आत्महत्या १९९० च्या दशकातल्या प्रमाणापेक्षा निम्म्याहून खाली आल्या. कडेलोटाची घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती टळली की माणूस दवाखान्याच्या गाडीत बसतो. त्या दादाला आम्ही आधी आरोग्य केंद्रात आणि मग परभणीला नेलं. त्याच्या घरच्यांना पोलीस केसची भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती भीती बरीच काढून टाकली आहे. असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट उपचार द्यायचे, असं त्यात म्हटलंय. रात्री-अपरात्री कुणी नसलं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास, फुकट चालतो आणि मराठीत बोलतो. माझ्या गावातल्या दोन्ही पानटपऱ्यांवर तो मी खडूनं लिहून ठेवलाय.

अडाणी माणसांच्या मायेनं काय होणार, असं कुणी म्हटलं की मी विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पाचं सांगते. तिथल्या तीस गावांत गावच्याच लोकांना शिकवून नैराश्य ओळखायला लावलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झाले. नाशिकच्या पेठ भागात 'आत्मीयता' नावाचं असंच काम पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्रानं केलं, तिथंही गावातलीच माणसं निवडली. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत दवाखान्याबाहेर बाकडी टाकली आणि त्यावर आज्या बसवल्या. आज्यांनी ऐकायचं. त्या कामाची शास्त्रीय तपासणी झाली आणि नैराश्याची लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली. आम्हा गंगाखेडकरांना यात नवल वाटायला नको. आमची जनाबाई इथलीच. तिच्या गोष्टीत देव येतो तो उपदेश करायला नाही, जात्याचा खुंटा धरायला येतो.

पण एवढं म्हणून मला थांबायचं नाही. मायेनं कर्ज फिटत नाही. भाव, विमा, सिंचन, सावकार हे प्रश्न आशाच्या पॅडवर सुटणारे नाहीत. कधी कधी मला रागच येतो, की एवढ्या मोठ्या आगीला एक बाई आणि एक फॉर्म पाठवून दिलाय. तरीही आग विझेपर्यंत कुणी दारात गेलंच नाही, असं तर होऊ द्यायचं नाही.

आता चौदाव्या दिवसाबद्दल. शेतकऱ्यानं जीव दिला आणि प्रकरण पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरण्यासाठी सातबारा, कर्जाचे कागद, थकबाकीचा दाखला, मग समिती. ज्या बाईनं नवऱ्याच्या हयातीत तालुक्याला एकटीनं कधी एसटी धरली नाही, तिनं हे कागद कुठून गोळा करायचे? अशा बाईला काय हवं, असं विचारलं तर ती "काही नको" म्हणते. म्हणून विचारायचं नाही, "परवा मला तालुक्याला जायचंय, चल माझ्यासंगं," म्हणायचं. रांगेत शेजारी उभं राहायचं. साहेब ओरडला तर दोघींवर ओरडतो, निम्मं निम्मं होतं.

आणि संक्रांत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्या गावात ठराव झाला, वाचला, फाईलला लागला. मी अशाच एका बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला स्वतः गेले. पहिल्या वर्षी ती आली नाही. दुसऱ्या वर्षी आली, दारातच बसली. माझ्या सासूबाई या असल्या बाबतीत फार कडक, पण त्यांनीच उठून तिला वाण दिलं. कामून दिलं ते मी अजून विचारलं नाही.

सध्या माझ्यापुढं दसरा-दिवाळीनंतरची यादी आहे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जोड्या उचल घेऊन ऊसतोडीला जातात, मुकादमाचा ट्रॅक्टर आला की वाडीवर निम्मी घरं बंद. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कधी त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेची पोरं. गुढीपाडव्यापर्यंत त्यांच्या घरून धूर निघतो की नाही, ते बघायला किराणावाला, अंगणवाडीताई आणि मी अशी वाटणी केलीय. सगळ्यात अवघड माणूस म्हणजे गल्लीच्या टोकाची एक आजी. भाकरी नेली तर परत पाठवते. "मी काय भिकारीण हाय का?" शेवटी तिला म्हटलं, आजी, माझ्याच्यानं लसूण सोलून होत नाही, तेवढा सोलून देत जा. आता ती सकाळीच सोललेला लसूण घेऊन येते, आमच्या ओसरीवर जेवते, आणि माझ्या कालवणाला चव नसते हे रोज न चुकता सांगते.